आखूड शेपटीची माकडीण

वरंधा घाटात माकडांना वडापाव चारणाऱ्यांविषयी मला काय वाटतं ते छापण्यासारखं नाही, म्हणून मी ते त्यांच्या तोंडावरच सांगतो. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या येतात. काच खाली होते. एका हातात वेफर्सचं पाकीट, दुसऱ्या हातात मोबाईल. माकड अंगावर आलं की किंचाळायचं आणि घरी जाऊन सांगायचं, घाटातली माकडं फार माजलीत. कोण माजलंय ते मला चांगलं दिसतं. भोरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर तेवढी नजर येते.

निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. सगळा तालुका मला सर म्हणतो. ज्यांना मी नापास केलं तेही म्हणतात, आणि ज्यांना करायला हवं होतं पण केलं नाही ते जरा जास्तच म्हणतात.

घाटात वाघजाईच्या देवळावरच्या कड्यात साठेक माकडांची टोळी राहते. ती माझी टोळी. तिच्यावर मी बावीस वह्या भरल्या, एक पुस्तक लिहिलं आणि रस्त्याकडेला पाटी लावली: ‘दक्षिणी माकडांची अस्सल टोळी. खाऊ घालू नये.’ खाऊ घालू नये हे कुणीच वाचत नाही. अस्सल हे मात्र सगळे वाचतात आणि पाटीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढतात.

अस्सल हा शब्द मी मुद्दाम घातला. आपल्याकडचं माकड म्हणजे डोक्यावर मधोमध भांग पाडून बसवलेली केसांची टोपी आणि अंगाहून लांब शेपूट. उत्तरेतलं माकड त्याचं चुलत भावंडच, पण वेगळं. त्याला टोपी नसते, शेपूट निम्मी असते आणि कमरेखाली अंग तांबूस असतं. ट्रकांतून, शहरांतल्या पकडापकडीतून ते हळूहळू खाली सरकतंय आणि आपल्या माकडांत मिसळतंय. दोघांची पिल्लं होतात, ती पिल्लंही वितात, आणि चार पिढ्यांनी कोण कुठलं हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण होतं. माझ्या घाटात असलं काही झालेलं नाही, हे मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छातीठोकपणे लिहिलं. जाड ठशात.

या टोळीशी माझं नातं जुळलं ते कापूरहोळच्या ढाब्यावर, २००१ साली. ही गोष्ट मी शाळेत दरवर्षी सांगायचो. ढाब्याचा मालक रफीक. त्याच्या खाटेच्या पायाला माकडाचं एक पिल्लू सुतळीनं बांधलेलं. मादी, आठ-नऊ महिन्यांची. डोक्यावर खरूज, तिथले केस गेलेले. शेपूट निम्मी. गिऱ्हाइकं तिला भज्यांचे तुकडे टाकून हसत होती.

"शेपूट का कापलीस रे?" मी विचारलं.

"न्हाई सर, कापली न्हाई," रफीक म्हणाला. "दिल्लीकडचा एक ट्रकवाला ठिवून गेला. परतीला नेतो म्हनला, आलाच न्हाई. ती आलीच अशी. म्या दूध पाजून जगवलीया तिला."

चोराच्या तोंडी नेहमी एक दिल्लीकडचा ट्रकवाला असतो. तसं मी त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं. गिऱ्हाइकं हसली. मी वनरक्षकाला बोलावलं, पंचनामा करायला लावला आणि माकडीण स्वतः घाटात नेऊन टोळीजवळ सोडली. टोळीनं तिला घेतलं. लहान मादीला घेतात. एका साप्ताहिकात दोन फोटो आले. एकात मी, खांद्यावर माकडीण. दुसऱ्यात रफीक, मान खाली. मथळा होता: ‘शेपूट कापणाऱ्या ढाबेवाल्याला शिक्षकाचा दणका.’

दणका चांगलाच बसला. रफीकचं नाव पडलं शेपूटकाप्या. एसटीचा कंडक्टर थांबा आला की ओरडायचा, "शेपूटकाप्याचा ढाबा, कोन उतरतंय?" ट्रकवाले तिथं थांबेनासे झाले. दीड वर्षात ढाबा बंद पडला. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्याची मुलगी फौजिया माझ्याच वर्गात नववीत होती. अक्षर नीट, बोलणं कमी, तास संपला की फळा पुसायचं काम मी तिलाच द्यायचो. फोटो आले त्या वर्षी दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मुली शाळा सोडतातच, असं म्हणून मी हजेरीपटावर तिच्या नावावर रेघ मारली.

गेल्या वर्षी स्नेहल माझ्याकडे आली. ही किकवीची, माझी बरीच नंतरची विद्यार्थिनी, आता पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करते. दक्षिणेतल्या टोळ्यांत उत्तरेचं रक्त किती मिसळलंय ते तपासण्याचं तिचं काम. तपासायचं कसं, तर माकडांची विष्ठा बाटल्यांत भरून. विष्ठेबरोबर आतड्याच्या पेशी येतात, त्यांतून वंशाची खूण निघते. आम्ही उन्हातान्हात वीस-वीस वर्षं माकडं पाहिली, आणि ही पोरं काड्या घेऊन लेंडकं गोळा करणार आणि आम्हाला वंशावळ सांगणार! पण मी परवानगी दिली. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती, शाळेच्या सभागृहात तिचं प्रकाशन ठरलं होतं. शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल जोडला की शंका घेणाऱ्यांची तोंडं कायमची बंद होतील. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, पण असला तर बिघडत नाही.

नमुने गोळा करायला सोनबा दिला. सोनबाचं देवळाजवळ कांदाभज्यांचं दुकान आहे. वीस वर्षं माझी पिशवी आणि दुर्बीण वर कड्यापर्यंत तोच वाहतो. पुस्तकात त्याचं नाव नाही. भजीवाल्याचं नाव शास्त्रीय पुस्तकात कुठं घालणार?

"सर, ह्यो नवा धंदा बरा हाय," बाटलीचं बूच लावताना सोनबा म्हणाला. "माकडं माझी भजी खात्यात, आन् पुन्याची मानसं त्यांची घान नेत्यात."

गेल्या महिन्यात स्नेहल निकाल घेऊन घरी आली. फोनवर सांगता येण्यासारखं नाही म्हणाली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तिनं लॅपटॉप उघडला, बंद केला, परत उघडला.

"सर, एकेचाळीस माकडांचे नमुने होते. त्यांतली सव्वीस मिश्र आहेत."

मी हसलो. "बाटल्या बदलल्या असतील."

"तीनदा केलं, सर. दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही करून घेतलं."

मग तिनं मला शिकवलं. मला! पेशीतला एक भाग पोराला फक्त आईकडूनच मिळतो, म्हणाली, बापाचा त्यात काही वाटा नसतो. त्या सव्वीस जणांचा तो भाग उत्तरेतल्या माकडांचा निघाला, आणि सगळ्यांचा अगदी सारखा. म्हणजे मूळ मादी एकच. माकडांत नर मोठे झाले की टोळी सोडतात, माद्या जन्मल्या तिथंच राहतात. त्यामुळे तिच्या लेकी, लेकींच्या लेकी सगळ्या याच कड्यात राहिल्या.

"साधारण पाच पिढ्या झाल्यात. वीस-पंचवीस वर्षं," ती म्हणाली. "आपोआप चालत आली असती तर वाटेतल्या टोळ्यांतही खुणा सापडल्या असत्या, त्या नाहीत. कुणीतरी आणून सोडलीय. सर, तुमच्या वह्यांत तशी काही नोंद आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

शप्पथ, त्या क्षणी मला काहीसुद्धा आठवलं नाही. माझा राग एवढा होता की आठवायला जागाच नव्हती. हिला मी दहावीत प्रयोगवहीसाठी पूर्ण गुण दिले होते.

"मग मी ‘अज्ञात व्यक्तीने सोडलेली मादी’ असं लिहिते," ती म्हणाली. जाताना पाया पडली. त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटात गेलो. सोनबानं बाटल्यांचा घोळ घातला असणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्याला गिऱ्हाइकांसमोरच धारेवर धरलं. त्यानं कढईतली भजी काढली, निथळली, कागदावर टाकली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"सर, बाटल्यांचं मला इचारू नगा. त्या पोरीनं नंबर घातल्याले. पर ती बाहीरची मादी कोन, ते म्या सांगतो की. तुमी खांद्यावर आनली ती लांडी."

"ती लांडी नव्हती. तिची शेपूट रफीकनं कापली होती."

"आसंल. पर ती पयल्यांदा व्याली तवा तिचं पोर बी लांडंच निघालं. म्या तवाच तुमाला इचारलं व्हतं, सर. आईची शेपूट सुरीनं कापली, तर लेकराची पोटातनंच आखूड कशी यील? तुमी म्हनला, तू भजी तळ."

पुण्याची दोन पोरं मोबाईल खाली करून ऐकत होती. मी तसाच निघालो.

घरी येऊन वह्या काढल्या. पाचव्या वहीत, २००५ च्या फेब्रुवारीत, माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: ‘लांडी व्याली. पिल्लाची शेपूट आखूड. जन्मताना इजा झाली असावी.’ नवव्या वहीत: ‘आणखी तीन माद्यांच्या शेपट्या तुटलेल्या. कुत्र्यांचा उपद्रव वाढला आहे.’ अकराव्या वहीत: ‘काहींचे अंग कमरेखाली तांबूस. घाटातल्या तांबड्या मातीत लोळण्याची सवय.’ त्यापुढं मी स्वतःवर खूश होऊन ‘मनोरंजक निरीक्षण’ असंही लिहिलं होतं.

बावीस वह्या. एकवीस शेपट्या तुटलेल्या. एवढे कुत्रे अख्ख्या भोर तालुक्यात नाहीत.

आणि मी दहावीच्या वर्गात दरवर्षी काय शिकवायचो? एका शास्त्रज्ञानं उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापल्या, तरी प्रत्येक पिढीतली पिल्लं पूर्ण शेपटीचीच जन्मली. कापलेली शेपूट वारशानं येत नाही. हे मी फळ्यावर उंदीर काढून शिकवायचो, परीक्षेत हमखास विचारायचो, आणि ज्याला येत नसे त्याला उभं करून त्याची अक्कल काढायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले म्हणून मी इतकी वर्षं ज्यांना हसलो, त्यांच्या ओळीत सगळ्यांत पुढं मीच उभा होतो.

खरजेनं केस गेले होते म्हणून टोपी नाही, असं मी धरलं. शेपूट आखूड, म्हणून ती कापली, असं धरलं. का धरलं? कारण समोर रफीक होता. मळकट बनियन, खाट, भजी. असल्या माणसानं शेपूट कापलीच असणार. तो खरं बोलत असेल ही शक्यता मी तपासलीसुद्धा नाही. शेपटीचं टोक हातात घेऊन बघितलं असतं, तर कापल्याची खूण नाही हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. मी ती माकडीण दीड तास खांद्यावर घेऊन हिंडलो, पण शेपटीकडे पाहिलं नाही. मी फोटोग्राफरकडे पाहत होतो.

दुपारभर मी वह्यांसमोर बसून राहिलो. आता हे कुणाला माहीत होतं? स्नेहल ‘अज्ञात व्यक्ती’ लिहिणार होती. किती सोयीचा शब्द आहे तो. दुसरी आवृत्ती रद्द करायची, तब्येतीचं कारण सांगायचं, पाटी पावसाळ्यात पडली म्हणायचं. सोनबा बोलला तरी भजीवाल्याचं कोण ऐकतं, हा विचार माझ्या मनात अगदी सहज आला, आणि तो तिथं रोजच राहतो हे मला तेव्हा दिसलं. मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही.

मी स्नेहलला फोन लावला. "अज्ञात लिहू नकोस. मी सोडली. माझं पूर्ण नाव घाल."

"सर, नक्की? प्रकाशनाची पत्रिका छापून झालीय ना?"

"उत्तर येत असताना पेपर कोरा ठेवायचा नसतो, हे मीच तुला शिकवलं होतं. आणि आभारात सोनबाचं नाव घाल. त्याला ते वीस वर्षं माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची एसटी धरून कापूरहोळला उतरलो. ढाब्याच्या जागी आता छोटी खानावळ आहे. बाहेर दगडावर टेकवलेला काळा फळा, त्यावर खडूनं लिहिलेलं: ‘आज: मटकी, वांगं, चपाती-भाकरी, डाळ-भात.’ अक्षर मी लगेच ओळखलं. आत बाकावर रफीक लसूण सोलत बसला होता. साठी ओलांडलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. फौजिया चुलीपाशी.

मला वाटलं होतं, मला पाहून ते दचकतील. कुणी दचकलं नाही. मी मोठा भूकंप होऊन आलो होतो आणि त्यांना भाकरी परतायची होती.

"रफीकभाई," मी म्हणालो, "त्या माकडिणीची शेपूट तुम्ही कापली नव्हती."

त्यानं लसणाची पाकळी वाटीत टाकली. "मला म्हाईत हाये, सर."

"ती उत्तरेकडचीच होती. त्या जातीची शेपूट असतेच आखूड. आता तपासणीत सिद्ध झालंय. चूक माझी होती."

"मला कशाला सिद्ध करून दावताय?" तो शांतपणे म्हणाला. "म्या तिला दूध पाजत व्हतो. रोज शेपटीला हात लागायचा."

मला कुणी बसा म्हणालं नव्हतं. मी उभाच होतो. इतकी वर्षं मी माणसांना उभं करत आलो, पण स्वतः उभं राहायला मला येत नव्हतं. हात कुठं ठेवायचे तेही कळेना. शेवटी फौजिया पदराला हात पुसत पुढं आली. चौदा वर्षांची होती, आता अडतिशीची.

"सर, तवा पेपरात आलं व्हतं. आता कुठं येनार?"

"स्नेहलच्या शोधनिबंधात. इंग्रजीत."

"त्यात अब्बांनी शेपूट कापली न्हाई, आसं येनार?"

"नाही. त्यात फक्त माकडीण कुणी सोडली ते येणार."

"मंजी तुमचंच नाव परत छापून येनार," ती म्हणाली.

ती बाहेर गेली, फळ्याखालचा खडू उचलला आणि माझ्यासमोर धरला. "तुमचं अक्षर चांगलं हाय. लिवा."

डाळ-भाताच्या खाली वीतभर जागा होती. मी वाकून लिहिलं: ‘रफीकभाईंनी माकडाची शेपूट कापली नव्हती. ती जन्मतःच आखूड होती. मी न तपासता त्यांची बदनामी केली.’ खाली सही, पूर्ण नावानिशी. ओळ वर चढत गेली. एवढी वाकडी ओळ मी फळ्यावर कधीच लिहिली नव्हती.

एक टेम्पोवाला चहाचा ग्लास घेऊन वाचायला आला. विशीतला पोरगा. सावकाश वाचलं, मग आत बघून म्हणाला, "आरं तिच्यायला, शेपूटकाप्या म्हंजी ह्ये व्हय? मला वाटलं, आडनावच हाय."

रफीकनं मान वर केली नाही. त्याचा लसूण सोलणारा हात मात्र थांबला. खालची सही कुणाची याची त्या पोराला जराही उत्सुकता नव्हती. तो ग्लास ठेवून निघून गेला.

मी परतीच्या एसटीसाठी वळलो. बरं वाटायला लागलं होतं, हे कबूल करतो. माणूस एकदा फळ्यावर चूक लिहून मोकळा झाला की त्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. मनातल्या मनात मी दुसऱ्या आवृत्तीची नवी प्रस्तावनासुद्धा सुरू केली होती.

"सर," फौजियानं मागून हाक मारली. "फळा रोज सकाळी पुसावा लागतो. भाजी बदलती."

"मग?"

"मग काय? लोक चोवीस वरसं रोज म्हनत व्हते. तुमी एकदाच लिवून कसं भागंल?"

तिच्या हातात फडकं होतं. वर्गात धरायची तसंच धरलेलं.

दुसऱ्या दिवशी मी सातची एसटी धरली. खडू माझाच नेला.